मका खालून पिवळा पडतोय? युरियाचं पोतं उघडण्याआधी एवढं तपासा

जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की माझ्या फोनवर मक्याच्या पानांचे फोटो यायला लागतात. सांवेरहून, देपालपूरहून, कधी धारच्याही पुढून. फोटोखाली एकच ओळ असते: "भैया, मक्का पीली पड़ गई, यूरिया डाल दूँ?" मी घरात मराठी आणि बांधावर माळवी बोलणारा माणूस, पण उत्तर दोन्ही भाषांत एकच देतो. थांब. आधी सगळ्यात खालचं पान जवळून दाखव.

हे उत्तर मला फुकट मिळालेलं नाही. घर इंदूरला रामबागेत, शेत सांवेर रस्त्याला, नऊ बिघे. त्यातले पाच नाल्याकाठचे काळे, आणि चार वरचे मुरमाड, जिथे वखर दगडावर वाजतो. या वरच्या चार बिघ्यांत मका गुडघ्याला आला की दरवर्षी पिवळा पडायचा. बियाण्याच्या दुकानदाराने सांगितलं, वाण बदला. बदलला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा वाण बदलला. तिसऱ्या वर्षी आई म्हणाली, "घागर गळतेय आणि तू चुंबळी बदलतोयस." ते लागलं. नत्र, म्हणजे युरियातून मिळणारा नायट्रोजन, नेमकं कुठून गळतं हे त्यानंतर शोधायला लागलो.

गेल्या काही वर्षांत हा एकच दोष माझ्या आणि शेजाऱ्यांच्या शेतात इतक्या वेळा सोडवलाय की तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर, वाण सगळ्यांत शेवटी. आमच्याकडे चार बिघे म्हणजे ढोबळमानाने एक हेक्टर. खालचे आकडे त्याच हिशेबाचे.

लक्षणं

नत्राची भूक असेल तर पिवळेपणा सर्वांत खालच्या, म्हणजे जुन्या पानांपासून सुरू होतो. पानाच्या शेंड्याला रंग उडतो आणि तो मधल्या शिरेवरून मागे, खोडाकडे सरकतो. कडा बराच वेळ हिरव्या राहतात. त्यामुळे पानावर इंग्रजी व्ही अक्षर आडवं पडल्यासारखं दिसतं, टोक खोडाकडे. पुढे ते पान शेंड्याकडून तपकिरी होऊन वाळतं आणि पिवळेपणा वरच्या पानावर चढतो. ताट बारीक राहतं, सगळं शेत फिकट पोपटी दिसतं. काढणीला कणसं लहान, टोकाकडे दाणे न भरलेली, आणि काही ताटांना कणीसच नाही.

खालून का? नत्र झाडात हलतं. जमिनीतून पुरेसं येईना की मका जुन्या पानातली प्रथिनं मोडून त्यातलं नत्र वर पोंग्याकडे, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांकडे, पाठवतो. घरातल्या थोरल्याने आपल्या ताटातलं धाकट्याच्या ताटात वाढावं तसं. म्हणून पोंगा हिरवा आणि तळ पिवळा, ही नत्राच्या कमतरतेची सही.

आता याच्यासारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी. मला येणाऱ्या फोटोंपैकी बरेच यातलेच असतात.

खालचीच पानं, पण कडा पिवळ्या पडून करपल्या आणि मधली शीर हिरवी: पालाश (पोटॅशियम) कमी. वरची कोवळी पानं फिकट, खालची बरी: गंधक बघा. कोवळ्या पानाच्या बुडाकडे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढुरके पट्टे: जस्त. आमच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत हे फार. वरच्या पानांवर बुडापासून शेंड्यापर्यंत बारीक हिरव्या-पिवळ्या रेघा: लोह. लहान रोपावर जांभळी झाक: स्फुरद (फॉस्फरस) कमी, किंवा थंडी, किंवा नुसता त्या वाणाचा स्वभाव; रोप वाढत असेल तर मी तिकडे दुर्लक्ष करतो. पोंग्यात भुसा आणि पानांवर खिडक्या: ती अमेरिकन लष्करी अळी, २०१८ पासून आपल्या देशात आहे, आणि तिच्यासाठी ही पोस्ट नाही.

तपासणी १: पिवळेपणाचा नकाशा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. बांधावर चढा, शक्य तर सकाळी कोवळ्या उन्हात, आणि पिवळं कुठे आहे ते बघा. एका ताटाकडे बघून जे कळत नाही ते शेताच्या आकारावरून कळतं.

सगळं शेत एकसारखं फिकट असेल तर मात्रा किंवा वेळ चुकली. सरळ पट्ट्यांत पिवळं असेल आणि पट्टा पेरणी यंत्राच्या रुंदीइतक्या अंतराने परत येत असेल तर यंत्राची एक नळी बंद होती. माझ्याकडे एका वर्षी असंच झालं. नळी काढून बघितली तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, उन्हाळाभर यंत्र गोठ्यात पडून होतं ना. त्या ओळींना डीएपी खताचा दाणाही गेला नव्हता. लाटांसारखे ठिगळ म्हणजे हाताने फेकताना कमी-जास्त पडलं. फक्त खोलगट कोपरा पिवळा म्हणजे पाणी. बांधावरच्या बाभळीभोवती अर्धगोल म्हणजे बाभळीच्या मुळ्या.

आणि एक उलटं चिन्ह शोधा: पिवळ्या शेतात गर्द हिरवं बेट. उन्हाळ्यात जिथे बैल बांधले होते किंवा खताचा ढीग होता तिथे मका काळपट हिरवा उभा असेल, तर निदान जवळजवळ झालंच. तेच बी, तीच जमीन, तोच पाऊस. जास्तीचं काय ते शेण-मूत्र. म्हणजे वाणात खोट नाही.

तपासणी २: खुरप्याने मूळ उकरा

दोन पिवळी ताटं आणि एक हिरवं. उपटू नका, उपटताना बारीक मुळ्या मातीतच तुटून राहतात आणि आपण निष्कर्ष काढतो की मुळं कमी आहेत. बाजूने खोल खुरपं घालून ढेकळासकट काढा, बादलीत बुडवा, माती विरघळू द्या.

मुळं पांढरी, ताठ, भरपूर आणि तरी पान पिवळं: जमिनीत नत्र नाही. मुळं तपकिरी, लिबलिबीत, मातीला सडका वास: तिथे पाणी साचलं होतं, आणि आता युरिया टाकणं म्हणजे उलट्या होणाऱ्याला पुरणपोळी वाढणं.

हा मुद्दा जरा थांबून सांगतो, कारण माळव्यातल्या काळ्या जमिनीत निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पाच-सहा पानांपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या आतच असतो. या वयात दोन-तीन दिवस पाणी साचलं तर मुळांना प्राणवायू मिळत नाही. जमिनीत नत्र असलं तरी ती उचलू शकत नाहीत. त्याच वेळी मातीतले काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन हवेत जातं. म्हणजे एकीकडे खाणारा आजारी, दुसरीकडे ताट पळवलेलं. अशा शेतात आधी चर काढून पाणी नाल्याला लावायचं, वाफसा (ओल आहे पण चिखल नाही अशी अवस्था) येऊ द्यायचा, एक कोळपणी करून जमिनीत हवा जाऊ द्यायची. चार-पाच दिवसांत नवीन पांढऱ्या मुळ्या दिसल्या की मग खत. माझ्या खालच्या पाच बिघ्यांत बी टोकण्याऐवजी वरंब्यावर पेरायला लागलो तेव्हापासून हा प्रश्न बराच आटोक्यात आहे.

जाता जाता ते ताट उभं चिरून बघा. आत पेराजवळ तपकिरी, पोकळ किंवा अळीचं भोक दिसलं तर खताचा विषय तिथेच बंद.

तपासणी ३: स्वतःची वही

वही नसेल तर आठवा, पण खरं आठवा. किती टाकलं, कुठल्या तारखेला, त्यानंतर पाऊस कधी आला, आणि टाकल्यावर झाकलं का?

हिशेब असा. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद ही सर्रास दिली जाणारी शिफारस. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. १३० किलो डीएपी पेरताना दिलं की स्फुरद पूर्ण झालं आणि सुमारे २३ किलो नत्रही गेलं. उरलेलं ९७ किलो नत्र युरियातून, म्हणजे ४६ टक्क्यांच्या हिशेबाने २१० किलो. बिघ्याला सुमारे ५२ किलो, पोतं ४५ किलोचं. हे दोन हप्त्यांत: निम्मं गुडघाभर मक्याला, निम्मं तुरा (शेंड्यावरचा नर फुलोरा) बाहेर पडण्याच्या आठवडाभर आधी. पेरताना सगळं का नाही? पहिल्या तीन आठवड्यांत रोपाची भूक वाटीभर असते, आणि आपल्याकडचा जुलैचा पाऊस उरलेलं घेऊन जातो. गुडघ्यापासून तुऱ्यापर्यंत तो भस्म्या होतो. कणसाचे केस बाहेर पडेपर्यंत एकूण गरजेच्या साधारण दोन तृतीयांश नत्र त्याने उचललेलं असतं.

बहुतेकांनी मात्रा दिलेली असते. चुकतं ते झाकणं. युरियाचा दाणा ओल्या जमिनीवर विरघळला की मातीतलं विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं, आणि आमच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असल्याने तो मातीत न थांबता उडून जातो. ढगाळ, उष्ण, दमट आणि पाऊस नाही असे चार-पाच दिवस गेले की पोत्यातला मोठा वाटा आकाशात. उलट, टाकल्याबरोबर मुसळधार आला तर विरघळलेला पण मातीने अजून न धरलेला युरिया पाण्याबरोबर नाल्यात. दोन्हीवर उपाय एकच: वाफसा असताना ओळीच्या बाजूला चार बोटं अंतरावर टाका आणि लगेच कोळपा चालवा. दोन इंच मातीखाली गेला की पुरे. किंवा एक रिमझिम सर येणार अशी खात्री असेल तेव्हा टाका. पण माळव्यातल्या ढगावर मी पोतं लावत नाही.

"पण हा तर नीम कोटेड आहे," असं प्रत्येक जण म्हणतो. २०१५ पासून देशातला जवळजवळ सगळा युरिया नीम लावलेलाच येतो. नीम काय करतो? अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो, म्हणजे खाली झिरपणं आणि वायू होणं मंदावतं. वर उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो ते नीम थांबवत नाही. झाकावं लागतंच.

तपासणी ४: कच्चं काही जमिनीत गेलंय का?

इथे मी स्वतः आपटलोय. एका मे महिन्यात एका गोशाळेकडून स्वस्तात खत मिळालं, दोन ट्रॉल्या. त्यात सोयाबीनचा भुसा आणि गव्हाचं काड अर्धवट कुजलेलं, हातात घेतलं तर काड्या मोजता येत होत्या. मी खुशीत पसरलं आणि वखरलं. जुलैत अख्खा मका पिवळा. शेजारचा, ज्याने काहीच टाकलं नव्हतं, त्याचा माझ्याहून बरा. ऑगस्टच्या मध्यात माझा अचानक हिरवा झाला, पण तोवर कणसात दाण्यांच्या ओळी किती आणि प्रत्येक ओळीत दाणे किती हे ठरून गेलं होतं. हिरवीगार ताटं आणि मुठीएवढी कणसं.

झालं असं की गव्हाच्या काडात नत्राच्या ऐंशीपट कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःची शरीरं बांधायला नत्र लागतं. काडात नसलं की ते जमिनीतलं ओढतात आणि पिकाला उपाशी ठेवतात. काड संपलं की जिवाणू मरतात आणि नत्र परत सुटतं. उसनं घेतलेलं परत मिळतं, पण लग्न होऊन गेल्यावर. नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं गव्हाचं काड, जमिनीत गाडणाऱ्यांनाही हेच: जाळू नका, पण गहू निघाल्या निघाल्या बारीक करून गाडा आणि त्यावर थोडं नत्र द्या, पेरणीच्या तोंडावर नको.

यातली गंमत ही, की याचं उत्तर इंदुरातच काढलेलं आहे. १९२४ साली इथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे काडीकचरा, शेण आणि मूत्र भिजलेली माती थरांत रचून, वेळेवर पलटून तीनेक महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आणि आम्ही इंदूरचे लोक कच्चं काड शेतात ओततो! खत तयार झालं की नाही याची माझी परीक्षा साधी आहे: मूठभर घेऊन दाबा. काडी ओळखू आली तर थांबा, पावसाळी मातीसारखा वास आला तर चालवा.

चांगल्या शेणखतातही नत्र साधारण अर्धा टक्काच, टनाला पाच किलो, आणि पहिल्या हंगामात त्यातला थोडा वाटाच पिकाला मिळतो. म्हणून खत जमीन सुधारायला, युरिया या हंगामाची भूक भागवायला. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

तपासणी ५: पाच मीटरची परीक्षा

इथवर सगळं बघूनही खात्री नसेल तर पूर्ण शेतावर पैसा उधळण्याआधी मक्यालाच विचारा. पिवळ्या भागात एका ओळीचे पाच मीटर मोजा, दोन्ही टोकांना काठी रोवा. ओळींत दोन फूट अंतर असेल तर हा तुकडा तीन चौरस मीटरचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम युरिया मोजून त्या ओळीच्या बाजूला टाका, मातीने झाका, ओल नसेल तर दोन बादल्या पाणी द्या. बिघ्याला २६ किलोचा एक हप्ता म्हणजे एवढंच पडतं. खर्च रुपयाच्याही आतला.

सहा-सात दिवसांनी या आणि नवीन पानांचा रंग शेजारच्या ओळीशी ताडून बघा. आधीच वाळलेलं खालचं पान परत हिरवं होणार नाही, त्याच्याकडे बघत बसू नका. काठ्यांमधला तुकडा गडद झाला तर भूक नत्राचीच आहे आणि अजून वेळ गेलेली नाही. काहीच फरक नाही तर युरियाचं पोतं बंदच ठेवा आणि पुढे वाचा.

पाऊस थांबेना, जमिनीत पाय ठेवता येईना, अशा वेळी दोन टक्के युरियाची फवारणी करतात: १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. मीही करतो. पण गणित डोक्यात ठेवा. बिघ्याला आठ पंप मारले तरी युरिया गेला अडीच किलोच्या खाली, म्हणजे नत्र किलोभर. भूक आहे तीस किलोची. फवारणी हा चहा आहे, जेवण नव्हे.

तपासणी ६: माती तपासणी

ही हंगामात नाही, उन्हाळ्यात. शेतातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या भिंतीची पातळ चकती काढा, सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत अर्धा किलो आणा. वरची मुरमाड आणि खालची काळी यांचे नमुने वेगळे. एकत्र केले तर जो आकडा येतो तो दोन्हीपैकी कुठल्याच शेताचा नसतो.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतात, बहुतेकांच्या कपाटात एक तरी असेल. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली म्हणजे कमी, ५६० पर्यंत मध्यम. आमच्या भागात बहुतेक पत्रिकांवर 'कमी'च लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या शब्दाने घाबरू नका. मी आधी सेंद्रिय कर्ब बघतो. अर्धा टक्क्याच्या खाली असेल तर ती जमीन पिकाला स्वतःहून फार कमी नत्र सोडणार. मग जस्त आणि गंधक. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर युरिया कितीही ओता, मका त्याचं सोनं करणार नाही. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट एकदा दिलं की दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. पाच मीटरच्या परीक्षेला दाद न देणारी शेतं बरेचदा इथे सापडतात.

तपासणी ७: आता वाण

आता कुठे वाणाचा विषय. "कमी नत्रात येणारा मका कोणता?" हा प्रश्न मला युरियाच्या रांगा लागल्या की जास्त विचारला जातो. आधी कटू सत्य: दाण्याच्या एका क्विंटलमध्ये सुमारे दीड किलो नत्र शेताबाहेर जातं, मग वाण कुठलाही असो. बिघ्याला बारा क्विंटल काढलात तर नुसत्या दाण्यातून १८ किलो गेलं. वाण नत्र निर्माण करत नाही. आहे त्यातलं किती उचलतो आणि उचललेल्यातलं किती दाण्यात नेतो, एवढाच फरक.

याला एक अपवाद आहे आणि तो मोबाइलवर फिरत असतो, म्हणून सांगतो. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात डोंगरावर एक उंच देशी मका आहे. त्याच्या खोडावर हवेत लोंबणाऱ्या जाड मुळांतून गोड चिकट डिंक गळतो आणि त्या डिंकातले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या मक्याने २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून घेतल्याचं दाखवलं. खरं आहे, अफवा नाही. पण तो तयार व्हायला आठेक महिने घेतो, आणि आपला मका पाऊस उतरायच्या आत घरात यायला हवा. त्याचं बी म्हणून कोणी पुडी विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग वाणात बघायचं काय? माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: तुरा आणि केस यांतलं अंतर. उपाशी मक्यात तुरा वेळेवर परागकण सांडतो, पण कणसाचे केस मागे राहतात. चांगल्या परिस्थितीत हे अंतर दोन-तीन दिवसांचं. ते पाच-सहा दिवसांवर गेलं की केस बाहेर येईतो पराग संपत आलेला असतो. नंतर कणीस सोललं तर बुडाकडे चार दाणे, मग नुसती पांढरी बुरकुंडी, आणि न फळलेल्या प्रत्येक जागेवर एक ओला केस अजून चिकटलेला. तो केस बघितला की मला दुकानदाराची जाहिरात आठवते. मेक्सिकोतलं आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्र, ज्याला सिमिट म्हणतात, तिथल्या पैदासकारांनी याच अंतरावर नजर ठेवून गरीब जमिनीसाठी मका निवडला. त्यासाठी ते काही तुकडे मुद्दाम खताविना पिकं घेऊन आणि काड उचलून उपाशी करतात आणि निवड तिथे करतात, कारण भरल्या ताटावर पहिला येणारा वाण उपाशी जमिनीवर पहिला येतोच असं नाही. आफ्रिकेतल्या जमिनींसाठी २०१० पासून हे काम मोठ्या प्रमाणावर झालं.

दुसरं, वांझ ताटं. तिसरं, दाणा भरताना खालची पानं किती काळ हिरवी टिकतात. पण यात एक मेख आहे: पान फारच हिरवं राहिलं तर नत्र पानातच अडकून दाण्यापर्यंत पोचत नाही. शेवटी पान रिकामं व्हायलाच हवं.

घरच्या घरी परीक्षा अशी. दोन वाण, प्रत्येकाच्या चार-चार ओळी, शेजारी शेजारी, सगळ्यात गरीब तुकड्यात. अर्ध्या लांबीला पूर्ण युरिया, अर्ध्या लांबीला निम्मा. तुरा पराग सांडायला लागला ती तारीख आणि निम्म्या ताटांना केस दिसले ती तारीख लिहा. काढणीला शंभर ताटांमागे वांझ किती ते मोजा. मी हे वरच्या चार बिघ्यांत केलं तेव्हा पूर्ण युरियावर महागडा संकरित वाण सहज पुढे होता. निम्म्यावर आला तेव्हा तो आणि साधा संमिश्र वाण यांत बियाण्याची किंमत वजा जाता माझ्या हातात उरलेला फरक जवळपास पुसला गेला. तेव्हापासून खाली संकरित, वर जवाहर मका २१६ सारखा संमिश्र, ज्याचं बी घरचं ठेवता येतं. झाबुआकडे डोंगरउताराला लोक साठीसारखे लवकर येणारे देशी मके का सोडत नाहीत तेही मग कळलं: मागणंच कमी, म्हणून उधारीही कमी. गरीब तुकड्यात दाटीही कमी ठेवा. दोन फुटी ओळीत वीतभर अंतराऐवजी फूटभर.

आणि आलटून पालटून सोयाबीन. सोयाबीन हवेतलं नत्र धरतो, मात्र त्यातलं बरंचसं दाण्याबरोबर बाजारात जातं. मक्यावर मका घेण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणा. युरियाची सुट्टी होत नाही.

कुठे थांबायचं

पाच मीटरच्या परीक्षेला आठ दिवसांत काहीच फरक पडला नाही आणि वरची पानंही पिवळी आहेत, तर स्वतःचे प्रयोग बंद. ताजं पान, मुळासकट ताट आणि मूठभर माती घेऊन इंदूरच्या कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालय गाठा. जाणं शक्य नसेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, फुकट आहे. खोड आतून तपकिरी, पानाखाली पांढुरकी बुरशी, पोंगा पिळवटलेला किंवा तणनाशक मारल्यानंतर आठवड्यात आलेला पिवळेपणा: याला तज्ज्ञच हवा, आणि तोही लवकर, कारण इथे दिवस मोजून नुकसान वाढतं. खत किंवा बी बनावट असल्याचा संशय आला तर पोतं, शिलाईचं लेबल आणि बिल जपून ठेवून कृषी विभागाकडे लेखी द्या. बांधावर दुकानदाराशी भांडून नमुना हरवू नका.

केस तपकिरी होऊन वाळले की युरिया देणं बंद. त्यानंतर टाकलेलं या मक्याला कामाचं नाही.

आणि एक गोष्ट, जिथे कृषी नव्हे तर गुरांचा डॉक्टर लागतो. ताण पडलेल्या मक्याला भरपूर युरिया दिला आणि वर पाऊस लांबला, की खोडाच्या बुडाकडच्या भागात नायट्रेट साठतं. दाणा येत नाही म्हणून वैतागून तीच हिरवी ताटं कापून गोठ्यात टाकली जातात. जनावर धापा टाकायला लागलं, लडखडलं, तोंडाच्या आतला रंग निळसर-तपकिरी दिसला तर वैरण ताबडतोब काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा, घरगुती काढे करत बसू नका. अशी ताटं कापायचीच असतील तर बुडाची वीत-दीड वीत शेतातच सोडा, बाकीची सुक्या वैरणीत मिसळून थोडी थोडी द्या. युरियाचं उघडं पोतं आणि ते भिजवलेली बादली तर गोठ्याच्या आसपासही नको.